कोको, नेमो आणि एक ‘तांत्रिक अडचण’: ठाण्यातल्या एका सोसायटीतला सिनेमावाद

मुलांसाठी सुटीतले उपक्रम चालवणाऱ्यांना उपयोगी पडावं म्हणून हे प्रकरण लिहून काढलं आहे. कुणाचंही नाव दिलेलं नाही. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ज्या कुटुंबाचा उल्लेख पुढे येतो त्यांनी मजकूर आधी वाचला आहे.

पार्श्वभूमी

संकुल घोडबंदर रोडला लागून, मानपाडा आणि कासारवडवलीच्या दरम्यान. सात-आठ विंग, मधे पोडियम, तळमजल्यावर क्लबहाऊस. मुलांच्या कार्यक्रमांसाठी सोसायटीच्या समितीने पाच जणांची उपसमिती नेमलेली. त्यातल्या ताई एका शाळेत शिकवतात आणि बहुतेक कामं शेवटी त्यांच्याच गळ्यात पडतात. टिपणं ठेवायचं काम माझ्याकडे होतं, मत द्यायचा अधिकार नव्हता.

मागच्या उन्हाळी सुटीत इथे संगणकीय ॲनिमेशनचं शिबिर झालं. शिकवणारा संकुलातलाच, मुंबईतल्या एका व्हीएफएक्स स्टुडिओत काम करणारा तरुण. मुलं त्याला दादा म्हणतात, आपणही तेच म्हणू. ब्लेंडर हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरून उसळणारा चेंडू, चालणारा डबा, हलणारी शेपटी असं थोडं थोडं शिकवायचं आणि शेवटच्या शनिवारी क्लबहाऊसमध्ये एक सिनेमा दाखवायचा, एवढा साधा बेत. सिनेमा कोणता, हे आधी ठरलं नव्हतं. ‘बघू तेव्हा’ असं बैठकीच्या नोंदीत आहे.

शिबिरात दादाने केलेल्या एका गोष्टीचा पुढच्या वादाशी थेट संबंध आहे. त्याने मुलांना सिनेमे ‘कसे बनले’ या बाजूने बघायला शिकवलं. 1995 चा ‘टॉय स्टोरी’ हा पूर्णपणे संगणकावर बनलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. त्यात 1,14,240 फ्रेम्स, म्हणजे एकेक स्थिर चित्रं, होत्या असं त्याने फळ्यावर लिहिलं. सेकंदाला 24 फ्रेम्स, म्हणून सहावीतल्या एका मुलाने लगेच मोबाइलवर 24 ने भाग दिला, 4,760 सेकंद आले, मग 60 ने भाग दिला आणि म्हणाला, ‘‘दादा, म्हणजे एकोणऐंशी मिनिटं. फक्त?’’ त्या ‘फक्त’वर दादाने पुढचा अर्धा तास घेतला. खेळणीच का निवडली? कारण त्या काळच्या संगणकाला प्लास्टिक जमत होतं. केस, कातडी, भिजलेलं कापड जमत नव्हतं. 2001 मध्ये ‘मॉन्स्टर्स, इंक.’मधल्या सली नावाच्या राक्षसाच्या अंगावर तेवीस लाखांहून जास्त केस आले. 2003 मध्ये ‘फाइंडिंग नेमो’त पाणी आलं. 2004 च्या ‘द इन्क्रेडिबल्स’मध्ये माणसंच मुख्य पात्रं झाली.

याचा परिणाम असा झाला, की शिबिर संपेपर्यंत नऊ-दहा वर्षांची मुलंही सिनेमाबद्दल ठामपणे, उदाहरणं देऊन बोलायला लागली होती. त्यांच्या आईवडिलांना याचा पत्ता नव्हता.

वाद कसा पेटला

उपसमितीने पाच नावांची यादी केली: टॉय स्टोरी, फाइंडिंग नेमो, वॉल-ई, कोको आणि ‘स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स’. ती सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मतदानाला टाकली. इथेच तीन गोष्टी बिघडल्या.

ग्रुपवर मुलं नव्हती. मुलांच्या सिनेमासाठी मतं मोठ्यांनी दिली. ज्या घरात तीन फोन त्या घराची तीन मतं, आणि ज्या आजीआजोबांकडे साधा फोन त्यांचं एकही नाही. शिवाय मतदान टाकताना एकाहून जास्त उत्तरं देण्याची सोय चालूच राहिली. काहींनी तीन-तीन नावांवर टिचकी मारली, काहींनी इमानदारीत एकच निवडलं.

मतदान चालू असतानाच ग्रुपवर मतं मांडायला सुरुवात झाली आणि ती मांडणारे जवळपास सगळे बाबालोक होते. पस्तिशी-चाळिशीचे. ‘आमच्या लहानपणी टॉय स्टोरी बघितला तेव्हा…’ अशी सुरुवात करून माणसं परिच्छेदच्या परिच्छेद लिहीत होती. वॉल-ईच्या बाजूने एका काकांनी लिहिलं, की पहिली तीस-पस्तीस मिनिटं जवळपास संवादच नाहीत, त्यामुळे हिंदी-इंग्रजीचा प्रश्नच येत नाही. त्यावर दुसऱ्यांनी, ‘‘पहिल्या दहा मिनिटांत पोरं चिप्स मागायला उठतील’’ अशी काडी टाकली. तिसऱ्यांनी विचारलं, की इन्क्रेडिबल्सची हिंदी आवृत्ती ‘हम हैं लाजवाब’ यादीत का नाही? त्यात शाहरुख खान आणि आर्यनचा आवाज आहे, घरातली सगळी बसून बघतील. हा मुद्दा खरा होता. यादीतल्या एकाही सिनेमाचं मराठी रूप उपसमितीला मिळालं नव्हतं. कोणत्या भाषेत दाखवायचा हे मतदानात विचारलंच नव्हतं.

निकालात कोको पहिला, स्पायडर-व्हर्स अगदी थोड्या मतांनी दुसरा. सातवी-आठवीतल्या मुलांचा गट भडकला. त्यांचा म्होरक्या मुलगा ताईंच्या दारात येऊन उभा राहिला आणि त्याने जे सांगितलं ते मला अजूनही या प्रकरणातलं सर्वांत मुद्देसूद बोलणं वाटतं. स्पायडर-व्हर्समध्ये माइल्स हा स्पायडर-मॅन सुरुवातीला नवशिका आहे, म्हणून काही दृश्यांत त्याची हालचाल सेकंदाला बारा चित्रांची आणि शेजारी उडणाऱ्या मुरलेल्या पीटरची चोवीस चित्रांची आहे. माइल्स अडखळतो हे न सांगता दिसतं. ‘‘दादाने आम्हाला महिनाभर हेच शिकवलं ना काकू, मग शिबिराच्या शेवटी हा सिनेमा नको?’’ याला ताईंकडे उत्तर नव्हतं. ‘मतदानात ठरलं’ एवढंच त्या म्हणाल्या.

कोकोवर दुसरा आक्षेप वरच्या मजल्यावरच्या एका आजोबांचा: मेलेल्या माणसांच्या नगरीत फिरणारा मुलगा हा काय सुटीत मुलांना दाखवायचा विषय? त्यावर ग्रुपवरच एका काकूंनी विचारलं, ‘‘सर्वपित्रीला आपण गच्चीवर पान ठेवून कावळ्याची वाट बघतो तेव्हा मुलं शेजारीच उभी असतात ना?’’ कोकोमधला मेक्सिकोतला मृतांचा दिवस, फोटो मांडलेली वेदी, आणि ज्याची आठवण काढणारं कुणी उरत नाही तो तिकडूनही नाहीसा होतो ही कल्पना, हे सगळं आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायला लागत नाही. आजोबा गप्प झाले, पटलं म्हणून की कंटाळून, कुणास ठाऊक.

इथवर सगळं नेहमीच्या सोसायटीतल्या नेहमीच्या भांडणासारखं होतं.

एक निरोप आणि त्याचा लावलेला अर्थ

निकालाच्या दुसऱ्या दिवशी ताईंना एका आईचा खासगी निरोप आला. शिबिरात तिची मुलगी होती. मुलीचे वडील काही महिन्यांपूर्वी गेले होते. निरोप एका ओळीचा: कोकोमध्ये शेवटी पणजीसमोर गातात ते दृश्य साधारण किती वाजता येईल? (त्या गाण्याने पणजीला तिचे गेलेले वडील आठवतात.)

ताईंनी तो उपसमितीतल्या आणखी एका सदस्याला दाखवला. दोघांनीही त्याचा एकच अर्थ लावला: हा सिनेमा नको, पण सांगायला संकोच वाटतोय. दोघांच्या मनात काही वाईट नव्हतं. उलट, कारण बाहेर पडलं तर त्या घराकडे सगळ्यांच्या नजरा वळतील, मुलीला कुणीतरी येऊन काहीतरी बोलेल, ही त्यांची काळजी अगदी रास्त होती. म्हणून त्यांनी उरलेल्या तिघांनाही न सांगता ग्रुपवर टाकलं: ‘तांत्रिक अडचणीमुळे कोकोऐवजी फाइंडिंग नेमो दाखवण्यात येईल.’

तासाभरात पाचवीतल्या एका मुलीने आईच्या फोनवरून आवाजी निरोप टाकला, की नेमोची आई तर सुरुवातीलाच जाते, बाराकुडा येतो आणि सगळी अंडी खातो, एकच उरतं, मग नेमो का? तिला आतली गोष्ट माहीत असण्याचं कारणच नव्हतं. ती फक्त आजोबांच्या आक्षेपाला धरून बोलत होती. पण ताईंना दरदरून घाम फुटला. मृत्यू टाळायचा म्हणून त्यांनी निवडलेला सिनेमा मृत्यूनेच सुरू होत होता, आणि ते दोघांच्याही लक्षात नव्हतं. त्यांना आठवत होती ती विसरभोळी डोरी आणि कासवं.

मग दोघं बसून यादी धुंडाळायला लागले. ‘अप’मध्ये पहिल्या दहा-बारा मिनिटांत बायको जाते. ‘फ्रोझन’मध्ये आईवडील समुद्रात. ‘बिग हीरो 6’मध्ये भाऊ. ‘द लायन किंग’मध्ये वडील, मग ती 1994 ची हाताने काढलेली असो की 2019 ची संगणकीय. ‘रॅटाटूई’त मोठा शेफ आधीच गेलेला. ‘हाऊ टु ट्रेन युअर ड्रॅगन’च्या दुसऱ्या भागात वडील. कौटुंबिक म्हणवणाऱ्या सिनेमांत कुणीच गेलेलं नाही असा सिनेमा शोधणं किती अवघड आहे, हे त्या रात्री त्यांना पहिल्यांदा कळलं. त्यात आश्चर्य नाही. पोरक्या किंवा एकट्या पडलेल्या मुलाची गोष्ट लोककथांपासून चालत आली आहे. मूल घराबाहेर पडायचं तर घरातलं कुणीतरी हललेलं असावं लागतं. सेन्सॉरचं यू प्रमाणपत्र याबद्दल काही सांगत नाही. 2024 पासून यूएचे 7+, 13+, 16+ असे भाग पडले, त्यांनीही वय कळतं, कोणत्या मुलाला काय लागेल ते कळत नाही.

खरं कारण, चुकीच्या वेळी

याच सुमारास संकुलातल्या एका वकील काकूंनी वेगळाच मुद्दा काढला. सिनेमा दाखवणार कुठून? ‘‘माझ्या ओटीटीवरून, लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडून,’’ सेक्रेटरी काका म्हणाले. काकूंनी शांतपणे समजावलं, की घरगुती सदस्यत्व घरात बघण्यापुरतं असतं. शंभरेक रहिवाशांना हॉलमध्ये दाखवणं म्हणजे सार्वजनिक प्रदर्शन, त्याला हक्कधारकाची परवानगी लागते. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 52 शैक्षणिक संस्थेला तिचे विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यापुरती सवलत देतं; सहकारी गृहनिर्माण संस्था ही संस्था असली तरी शैक्षणिक नव्हे. तिकीट लावलं नाही, नफा घेतला नाही, तरी फरक पडत नाही.

म्हणजे आता खरोखरची, सांगण्यासारखी अडचण हातात होती. उपसमितीने ती ग्रुपवर टाकली आणि कुणीही विश्वास ठेवला नाही. चार दिवसांपूर्वी ‘तांत्रिक अडचण’, आता ‘कायदेशीर अडचण’. आजोबांनी सेक्रेटरींवर दबाव आणला अशी बोलवा उठली. आजोबांना ती कळल्यावर ते मनापासून दुखावले. त्यांनी कुणालाही फोन केला नव्हता. मोठ्या मुलांच्या गटाने निष्कर्ष काढला, की कोकोचा निकाल फिरवता येतो तर तो आमच्या बाजूनेही फिरवता आला असता. तर्क म्हणून यात खोट काढता येत नाही.

माझ्या मते या प्रकरणातलं खरं वळण हेच आहे. त्या घराची गोष्ट झाकायलाच हवी होती. पण झाकण्यासाठी खोटं कारण देण्याची गरज नव्हती. ‘एका खासगी कारणासाठी निवड बदलत आहोत, कारण सांगणार नाही’ असं म्हणता आलं असतं. थोडी कुजबुज झाली असती, पण पुढचं खरं कारण खोटं ठरलं नसतं.

समोर असलेले पर्याय

कार्यक्रमाला आठवडा उरला असताना उपसमितीची पाचही माणसं पहिल्यांदाच एकत्र बसली. दादाला आणि वकील काकूंनाही बोलावलं.

परवानगी मागवून कोकोच दाखवायचा, हा पहिला विचार. काकूंनी चौकशी केली. आठवड्यात उत्तर येईल अशी खात्री कुणी देईना. मल्टिप्लेक्समध्ये मुलांसाठी एक खेळ राखून घ्यायचा, तर निवड त्यांच्याकडे असेल त्यातूनच करावी लागणार, आणि मेट्रोच्या कामात संध्याकाळच्या घोडबंदर रोडवरून पन्नास मुलं नेऊन आणायची जबाबदारी घ्यायला कुणी तयार नव्हतं. पोडियमवर पडदा लावायची सूचना रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकाच्या नियमापाशी आणि मेअखेरच्या आभाळापाशी थांबली.

दादाने ‘फ्लो’चं नाव आणलं. लाटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिसचा 2024 चा चित्रपट: पुरात सापडलेलं मांजर, एक होडी, तिच्यात गोळा होत जाणारे प्राणी, एकही संवाद नाही. सगळा ब्लेंडरमध्ये, म्हणजे ज्यावर मुलांनी चेंडू उसळवला त्याच सॉफ्टवेअरमध्ये बनलेला, आणि 2025 च्या मार्चमध्ये त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. भाषेचा प्रश्न मिटतो, शिबिराशी धागा जुळतो. खरं तर शिबिर ठरलं त्या दिवशीच हे नाव निघालं असतं तर हे प्रकरण घडलंच नसतं. पण परवानगीचं घोडं इथेही अडत होतंच.

शेवटचा पर्याय एका आजींचा. त्या उपसमितीत नव्हत्या, चहा घेऊन आल्या होत्या. ‘‘इतकं भांडताय ते काय एवढं आहे त्या सिनेमांत, ते मला कुणी सांगेल का? मी एकही बघितलेला नाही.’’

आधी सगळे हसले. मग दादा म्हणाला, मुलांनी सांगितलं तर?

मधे कुणीतरी विचारलं

त्याच आजी दुसऱ्या दिवशी त्या आईकडे गेल्या. त्यांना निरोपाबद्दल काही माहीत नव्हतं. त्या एकाच विंगमधल्या, अधूनमधून जात असत. बोलता बोलता सिनेमाचा विषय निघाला आणि त्या आईने वैतागून विचारलं, ‘‘कोको रद्द का केला हो? माझी लेक केव्हाची वाट बघत होती.’’ तिला सहाच्या सुमारास ऑफिसची एक मीटिंग होती. ते दृश्य येईल तेव्हा आपण मुलीच्या शेजारी असावं, एवढ्यासाठी तिने वेळ विचारली होती. बदलून द्या असं ती म्हणाली नव्हती, तिच्या मनातही नव्हतं. आपल्यामुळे कार्यक्रम बदलला हे नंतर कळल्यावर तिला राग आला. ताई भेटायला गेल्या तेव्हा तो तिने बोलूनही दाखवला: ‘‘मला एक फोन करायचा होता ना.’’

ताई स्वतः शिक्षिका आहेत. वर्गातल्या मुलाबद्दल पालकांना विचारल्याशिवाय त्या काही ठरवत नाहीत. इथे विचारलं नाही, कारण विचारणं त्यांना निर्दय वाटलं. दुःखात असलेल्या माणसाला प्रश्न विचारायचा नाही, परस्पर त्याच्या सोयीचं करून टाकायचं, ही आपल्याकडची फार जुनी रीत आहे आणि ती चांगुलपणातूनच येते. त्यात त्या माणसाचा निर्णय त्याच्या हातून काढून घेतला जातो, हे करणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

काय केलं

सिनेमा दाखवायचाच नाही असं ठरलं. त्याऐवजी त्याच शनिवारी संध्याकाळी क्लबहाऊसमध्ये वादसभा: आवडता संगणकीय ॲनिमेशनपट. नियम दादा आणि ताईंनी मिळून केले. प्रत्येकाला पाच मिनिटं. पूर्ण गोष्ट सांगायची नाही. एकच दृश्य सांगायचं, तेही न बघितलेल्या माणसाला दिसेल असं. ‘भारी’, ‘मस्त’, ‘बेस्ट’, ‘बोअर’ हे शब्द बंद. पहिल्या रांगेत ज्यांनी फारसे सिनेमे बघितलेले नाहीत असे आजीआजोबा बसतील आणि प्रश्न विचारतील. भाषा कोणतीही चालेल. आणि कोणता सिनेमा जिंकला, यावर मतदान नाही.

शेवटच्या नियमावर बराच खल झाला. वाद आहे तर निकाल हवा, असं दोघांचं म्हणणं होतं. दादाने एक फरक मांडला आणि तो टिकला: सर्वांत चांगला कोणता यावर भांडता येतं, पुरावे देता येतात, सर्वांत आवडता कोणता यावर हात वर करून काय सिद्ध होणार? त्याऐवजी जाताना प्रत्येकाने एका चिठ्ठीवर लिहायचं, की आज ऐकलेल्यांपैकी न बघितलेला कोणता सिनेमा आता बघावासा वाटतोय.

ग्रुपवरची घोषणा या वेळी ताईंनी पाचही जणांना दाखवून मग टाकली. त्यात लिहिलं, की ‘तांत्रिक अडचण’ हे कारण खरं नव्हतं, खरं कारण खासगी आहे आणि ते सांगितलं जाणार नाही, आणि परवानगीची अडचण मात्र खरी आहे. आजोबांचा याच्याशी संबंध नाही हेही लिहिलं. त्याखाली बराच वेळ काहीच आलं नाही. मग एकेक अंगठे येऊ लागले.

त्या संध्याकाळी

नियमांचा परिणाम बघण्यासारखा होता. आठवीतला तो मुलगा स्पायडर-व्हर्सवर उभा राहिला आणि बारा-चोवीस चित्रांचा मुद्दा सुरू केला, तेव्हा पहिल्या रांगेतून प्रश्न आला: ‘‘बाळा, म्हणजे नक्की कसं दिसतं?’’ तो थांबला. मग त्याने दोन्ही हात पसरून आधी सलग झोका घेतल्यासारखं केलं आणि मग तेच अडकत अडकत, झटक्या-झटक्याने. आजी म्हणाल्या, ‘‘हां, नवीन सायकल शिकतो तसा.’’ त्याने मान हलवली आणि उरलेली मिनिटं त्याने आकडे सोडून त्या मुलाच्या घाबरण्याबद्दल सांगितलं. वर्गात ऐकलेलं ज्ञान आणि स्वतःला दिसलेली गोष्ट यांत जे अंतर होतं, ते त्या प्रश्नाने मिटवलं.

तिसरीतल्या एका मुलीने रॅटाटूई, म्हणजे स्वयंपाक करणाऱ्या उंदराचा सिनेमा, घेतला. तो मतदानाच्या यादीत नव्हताच. तिने शेवटचं जेवण सांगितलं: तो काळाकुट्ट, उंच, वाईट तोंडाचा समीक्षक काका पहिला घास घेतो, आणि एकदम लहान मुलगा होऊन दारात उभा असतो, त्याची आई त्याच्यापुढे तीच भाजी ठेवते, आणि मग परत हॉटेलमध्ये त्याच्या हातातलं पेन खाली पडतं. ‘‘कसली भाजी?’’ एका आजोबांनी विचारलं. तिला सांगता येईना. वांगी, टोमॅटो आणि काकडीसारखं काहीतरी, गोल गोल चकत्या, असं ती म्हणाली. आजोबांनी पुढे विचारलं, की एवढ्या मोठ्या हॉटेलात त्याला घरची भाजी का दिली? मुलगी क्षणभर विचार करून म्हणाली, ‘‘उंदराला माहीत होतं.’’ हॉल हसला. ती मात्र गंभीर होती. तिच्या मते हे पुरेसं उत्तर होतं, आणि मला वाटतं ते बरोबरही होतं.

बाबालोकांपैकी दोघांनी वेळ मागितला. त्यांनाही तेच नियम. टॉय स्टोरीवाल्या काकांना ‘आमच्या लहानपणी’ने सुरुवात करता येईना, तेव्हा त्यांची सुरुवातीची दोन मिनिटं चाचपडण्यात गेली. कोकोवर तिघं बोलले. ज्या मुलीमुळे हे सगळं झालं तीही हॉलमध्ये होती. तिने काय केलं हे इथे लिहिण्याचं काही कारण नाही.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पाच वर्षांखालची मुलं कंटाळून मागे धावू लागली, त्यांच्यासाठी वेगळं काही ठेवलं नव्हतं. वॉल-ईची बाजू मांडणारा मुलगा लाजून दोन वाक्यांत खाली बसला. संवाद नसलेलं दृश्य शब्दांत सांगणं किती अवघड, हे नियम करणाऱ्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

परिणाम

चिठ्ठ्यांत रॅटाटूई सर्वांत वर, त्यामागे फ्लो, जो दादाने शेवटी पाच मिनिटांत सांगितला होता. कोको बहुतेकांनी बघितलेलाच होता, त्यामुळे त्याचं नाव जवळपास नव्हतंच; म्हणजे मतदानात पहिला आलेला सिनेमा बहुतेक मुलांसाठी नवा नव्हता, ही गोष्ट मतदानाने कळलीच नव्हती. पुढच्या काही दिवसांत चार-पाच घरांनी आपापल्या हॉलमध्ये शेजारची दोन-तीन मुलं बोलावून चिठ्ठीतले सिनेमे लावले. दोन घरांत आजीआजोबाही बसले.

मोठ्या मुलांच्या गटाची नाराजी राहिली. त्यांचं म्हणणं, वादसभा चांगली झाली हे मान्य, पण मतदान घेऊन निकाल बाजूला ठेवला हे चुकीचंच. उपसमितीने ते नोंदीत घेतलं.

वेगळं काय करता आलं असतं

परवानगीचा प्रश्न पहिल्या बैठकीत यायला हवा होता. सिनेमा दाखवायचा म्हटलं की निवड आधी सुचते आणि परवानगी शेवटी, प्रत्यक्षात क्रम उलटा हवा. परवानगी कशाची मिळते हे कळल्यावर यादी आपोआप आखूड होते आणि अर्धी भांडणं होतच नाहीत.

मतदान घ्यायचंच तर मुलांचं, चिठ्ठीवर, एका मुलाला एक, आणि नावाबरोबर दोन प्रश्न: हा बघितला आहेस का, आणि कोणत्या भाषेत? ज्याने हिंदीत टीव्हीवर तुकड्या-तुकड्यांत बघितला आणि ज्याने थिएटरमध्ये इंग्रजीत सलग बघितला, ते दोघं एकाच सिनेमाबद्दल बोलत असतीलच असं नाही.

दुःखद दृश्यांबद्दल एक सोपी सोय होती. प्रत्येक सिनेमात असं दृश्य कोणतं आणि साधारण कितव्या मिनिटाला येतं, हे सगळ्याच पालकांना आधी कळवायचं. मग कुणालाही वेगळं विचारावं लागत नाही, आणि विचारणाऱ्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. ही सूचना त्या आईनेच नंतर केली.

एका मुद्द्यावर उपसमितीत अजून एकमत नाही. खासगी निरोप आला तेव्हा तो पाचही जणांना दाखवायला हवा होता का? दोघांच्या मते हो, कारण पाचांपैकी एकाने तरी ‘विचारून बघा’ म्हटलं असतं. तिघांच्या मते नाही. निरोप ताईंना आला होता, उपसमितीला नव्हे. मला दुसरी बाजू पटते, फक्त त्यात एवढी भर घालावीशी वाटते, की निरोप गुप्त ठेवायचा तर त्यावरचा निर्णय निरोप पाठवणाऱ्याला विचारूनच घ्यायचा.

दिवाळीच्या सुटीत मोठ्या मुलांना स्वतःचा सिनेमाचा खेळ हवा आहे. उपसमितीने होकार दिला, अट एक: परवानगीचा पत्रव्यवहार त्यांनीच करायचा, वकील काकू फक्त तपासून देतील. पहिला मसुदा आला आहे. त्यात पहिल्याच परिच्छेदात बारा आणि चोवीस चित्रांचा मुद्दा आहे. काकूंनी तो काढायला सांगितला, मुलं ऐकायला तयार नाहीत.